वहन आकार म्हणजे काय?

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात ऊर्जा आणि पर्यावरण या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्र होतं. बॅनरवर 'शाश्वत', 'आव्हाने' आणि 'संधी' हे तिन्ही शब्द होते, म्हणजे काही राहून गेलं नव्हतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक अशी वाट तुडवत बीजभाषण सुरू व्हायला साडेबारा वाजले. भाषण वाईट नव्हतं. वक्ते अभ्यासू होते, विषय मुरलेला होता. पडद्यावरचे आलेख मात्र सगळे इंग्रजीत, आणि तोंडी निवेदन असं की क्रियापदं तेवढी मराठी. शेवटी 'काही प्रश्न?' असं विचारल्यावर सभागृहात नेहमीची शांतता पसरली. मग पार मागून, दाराजवळून एक हात वर झाला. हात माइकवाल्याचा होता.

"सर, लाइट बिलात ते वहन आकार म्हणून लावतात, ते काय असतं?"

हशा पिकला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, वेळेअभावी इथेच थांबू या म्हणाले आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. जेवणाच्या रांगेत मी तीन प्राध्यापकांना तोच प्रश्न विचारला. तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली. खरं सांगायचं तर मलाही नीट ठाऊक नव्हतं. घरी येऊन शोधावं लागलं. वहन आकार म्हणजे विजेची हमाली. उपकेंद्रातून आपल्या मीटरपर्यंत वीज आणणाऱ्या तारा, खांब आणि डीपी उभ्या करायला आणि राखायला जो खर्च येतो, तो युनिटमागे वसूल करतात. दोन वाक्यांचं उत्तर. पण त्या दोन वाक्यांच्या पोटात आजच्या ऊर्जा-संशोधनातला एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्यांना स्वतःचं मोठं छप्पर आहे ते त्यावर सोलर बसवतात आणि त्यांचं बिल उतरतं. तारा आणि खांब मात्र तेवढेच राहतात. मग त्यांची हमाली कोणी भरायची? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने? जगभरचे वीज-अर्थतज्ज्ञ या वादात डोकं घालून बसले आहेत. त्या दिवशी सभागृहात हा प्रश्न एकाच माणसाने विचारला, आणि त्याला हसून गप्प बसवण्यात आलं.

प्रश्न हा चर्चासत्राचा शेवटचा, वेळ उरली तर उरकायचा भाग आहे असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं उलट आहे. ऊर्जा आणि पर्यावरण हे विषय असे आहेत की ज्याच्या जमिनीवर, चुलीवर, बिलावर त्यांचा भार पडतो त्याने उलटतपासणी केल्याशिवाय त्यांतलं संशोधन पुरं होत नाही. भूमितीच्या प्रमेयाला शेतकऱ्याची संमती लागत नाही, पण धरणाच्या गणिताला लागते. कारण त्या गणितातली निम्मी राशी त्याच्याकडे असते.

चर्चासत्रं अशी का झाली, याचं एक साधं कारण आकड्यांत सापडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचा तक्ता आणला. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की १० गुण, राष्ट्रीय असेल तर ७.५, राज्य पातळीवर ५. २०१८ च्या नियमांनी आकडे बदलले, हिशेबाची जात तीच राहिली. मग गावोगावच्या चर्चासत्रांच्या नावाआधी 'राष्ट्रीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' लागू लागलं यात नवल काय? सगळे निबंध वाचायला आलेले, ऐकायला कोणी नाही. लग्नात सगळेच भटजी, नवरा-नवरी बेपत्ता. तक्त्यात निबंध वाचण्याला गुण आहेत. आपल्या निबंधाबद्दल कोणी अवघड प्रश्न विचारला, त्याने हिशेब चुकीचा ठरला आणि तो दुरुस्त केला, याला शून्य. मी प्राध्यापकांना दोष देत नाही. पोटापाण्यासाठी माणूस ज्या मापाने मोजला जातो त्या मापाचा होतो.

पण आपल्याकडे जाहीर बोलण्याची आणि जाहीर विचारण्याची परंपरा नव्हती असं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. उन्हाळ्याच्या सुट्टीत, संध्याकाळी, येईल त्याला बसायला जागा. विजेचा पहिला मोठा जाहीर वादही आपल्या मुलुखात फार लवकर झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांच्या कंपनीने मुळशीला धरण घालायला घेतलं आणि १९२१ च्या रामनवमीला तिथले मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढा चालवला. विकासाची वीज कोणाची आणि बुडालेली भातखाचरं कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी सभांमधून आणि वर्तमानपत्रांतून मोठ्याने विचारला. धरण झालंच. पण जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांत त्या सत्याग्रहाची गणना होते, आणि राजेंद्र व्होरांसारख्या राज्यशास्त्रज्ञाला त्यावर पुस्तक लिहावंसं वाटलं.

त्यानंतरचा मोठा धडा एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पाचा. तो इथे थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तिथे चर्चासत्रातलं ज्ञान आणि रस्त्यावरचा प्रश्न एकदा खरोखर समोरासमोर आले.

१९९२ च्या जूनमध्ये एन्रॉनची माणसं आली आणि काही दिवसांत सामंजस्य करार झालासुद्धा. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. मधल्या काळात जागतिक बँकेने, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं सांगून कर्ज नाकारलं होतं. करार गोपनीय होता. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या लोकांची जमीन त्यात जाणार होती आणि राज्यातल्या प्रत्येक वीजग्राहकाचा खिसाही. पण कागद बघायला मिळत नव्हता. अशा वेळी पुण्यात 'प्रयास' या संस्थेतल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसून प्रकल्पाचं तांत्रिक-आर्थिक विश्लेषण केलं आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. संत आयआयटी मुंबईत शिकलेले अभियंते होते. ते गणित त्यांना विद्यापीठातल्या अंतर्गत परिसंवादात वाचून टाळ्या घेता आल्या असत्या. त्याऐवजी ते कामगार संघटना, ग्राहक चळवळी आणि पत्रकार यांच्यासमोर गेलं आणि तिथे त्याला भाषा बदलावी लागली.

ही भाषा बदलण्याची क्रिया मला फार महत्त्वाची वाटते. करारात वीज घेतली नाही तरी स्थिर खर्चाचे पैसे द्यावेच लागतील असं कलम होतं, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला होता. तज्ज्ञाला यात नवं काही नसतं. पण हेच समोरच्याला सांगायचं म्हणजे असं सांगावं लागतं: वऱ्हाडासाठी पन्नास माणसांची बस ठरवली, आली वीसच माणसं, तरी भाडं पन्नासांचं, वर ते भाडं परदेशी नाण्यात, म्हणजे रुपया घसरला की तेवढ्याच प्रवासाला जास्त पैसे. असं सांगितलं की ऐकणारा लगेच पुढचा प्रश्न विचारतो: "मग एवढी माणसं येणार आहेत, हे ठरवलं कोणी?" कराराचा कणा तोच होता. महाराष्ट्राला इतक्या महाग विजेची इतकी गरज लागेल हा अंदाज कोणी, कशाच्या आधारावर केला? सोपं करताना ज्ञान पातळ होतं, अशी विद्वानांची तक्रार असते. इथे सोपं केल्यावरच दुखणं नेमकं कुठे आहे ते दिसलं.

पुढचं सर्वांना माहीत आहे. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. वर्षभरात मंडळाला पडणारा दर युनिटमागे सात रुपयांच्या वर गेला, आणि २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं. वाद करणारे जिंकले असं मी म्हणणार नाही. प्रकल्प उभा राहिला, पैसे गेले, जमीन गेली. पण त्या वादाने या राज्यातल्या माणसांना विजेच्या हिशेबाची अक्षरओळख करून दिली, आणि ती लवकरच कामाला आली.

१९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि वीजदर ठरवण्याआधी जाहीर सुनावणी घ्यावी लागू लागली. पहिल्याच मोठ्या सुनावणीत ग्राहक संघटना आणि अभ्यासक यांनी मंडळाची आकडेवारी उलटून पाहिली. वर्षानुवर्षं वीस टक्क्यांच्या आत सांगितली जाणारी वीजगळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांच्या वर निघाली. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर वाटेल तितके युनिट दाखवले की चोरी आणि गळती त्यात बेमालूम खपून जात होती, आणि 'शेतकरी फुकट वीज खातो' हा शेरा मात्र शेतकऱ्याच्या माथी. बंद दाराआडच्या किती परिषदांमधून तो चुकीचा आकडा तक्त्यांत छापून गेला असेल! तो पडला भरसुनावणीत.

त्या सुनावणीत असं काय असतं, जे चर्चासत्रात नसतं? माझ्या मते उत्तर देण्याची सक्ती. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार दरवाढीचा अर्ज जाहीर करावा लागतो, लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. आयोगाच्या आदेशात हरकत काय होती, कंपनीचं त्यावर म्हणणं काय आणि आयोगाला काय वाटतं, हे एकाखाली एक छापलं जातं. माइकवाल्याने तिथे 'वहन आकार कशाला?' असं लिहून दिलं असतं तर त्याचा प्रश्न कागदावर चढला असता. हे सगळं गोड चित्र आहे असंही नाही. अर्ज शेकडो पानांचे, बहुतेक इंग्रजीत. सामान्य ग्राहक एकदा येतो, आकड्यांच्या माऱ्याने दमतो, पुन्हा येत नाही. तेच तेच दहा-पंधरा चिकाटीचे लोक दरवेळी दिसतात. तरीही ती चौकट चर्चासत्रापेक्षा प्रामाणिक आहे.

पर्यावरणाच्या बाजूला चित्र नेमकं उलटं पडतं. तिथे माणसं आहेत आणि ज्ञान गैरहजर. मोठ्या प्रकल्पासाठी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल लागतो आणि तो तयार करणारा सल्लागार प्रकल्पवालाच नेमतो, त्याचे पैसेही तोच देतो. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. सारांश! जाड अहवालातलं भूजल, वारा, मासे, राख हे सगळं पिळून काही पानांत. २०२० मध्ये या अधिसूचनेचा नवा मसुदा आला तोही इंग्रजी-हिंदीत. आठव्या अनुसूचीतल्या भाषांत त्याचं भाषांतर करा असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्याच मसुद्यात हरकतींची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायचं घाटत होतं.

जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली. अहवाल नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचा होता. मराठी कागद वेळेवर हाती पडले नाहीत अशी ग्रामस्थांची तक्रार होती. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा एक प्रश्न तेव्हापासून ऐकू येतो: केंद्रातून समुद्रात सोडलेलं कोमट पाणी कुठवर पसरेल आणि आमचा मासा कुठे जाईल? यात भावना नाही, हा सागरी जीवशास्त्राचा आणि प्रवाहांच्या गणिताचा स्वच्छ प्रश्न आहे. तो सोडवायला लागणारं ज्ञान सातासमुद्रापलीकडे नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. पण सुनावणी ही एका दिवसाची, पोलीस बंदोबस्तातली, निवेदनं वाचून दाखवायची जागा. तिथे प्रश्न विचारता येतो, त्यावर अभ्यास करून परत येता येत नाही. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडलं, आणि त्यानंतर कोकणातल्या सभांमध्ये 'काहीही होणार नाही' आणि 'काहीच उरणार नाही' अशी दोनच वाक्यं उरली. मधलं सगळं वाहून गेलं.

इथे विद्वानांचा एक आक्षेप मान्य करायला हवा. जाहीर व्यासपीठावर आवाज मोठा असलेला माणूस जिंकतो, बरोबर असलेला नाही. शास्त्रज्ञांना आपसात, आपल्या परिभाषेत, कोणाच्या टाळ्या किंवा शिट्ट्या न ऐकता भांडायला जागा हवीच. ती जागा काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण त्या जागेचा आणि बाहेरच्या जगाचा रस्ता बंद ठेवला की अफवा आपोआप पसरते. रिकाम्या घरात भुतं राहायला येतात तशी. आणि मराठीत हे विषय मांडताच येत नाहीत, ही सबब तर नकोच. महावितरणचं बिल अडीच कोटींहून अधिक ग्राहकांच्या हातात पडतं. 'स्थिर आकार', 'वहन आकार', 'इंधन समायोजन आकार' हे शब्द त्यावर मराठीतच छापलेले असतात. ऊर्जेवरचा इतका खप असलेला दुसरा मराठी मजकूर नाही, आणि त्याचा अर्थ सांगणारा वर्ग कुठल्या विद्यापीठात भरतो? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. शब्द आहेत. कागदावर 'रोहित्र' लिहा, तोंडाने 'डीपी' म्हणा, कोणाचं काही अडत नाही.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीचं काय झालं ते आठवून पाहा. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला आणि कपाटात गेला. केरळमधल्या एका कार्यकर्त्याने माहितीचा अधिकार वापरला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. तोवर त्याच्याबद्दलच्या ऐकीव गोष्टी गावागावांत पोहोचल्या होत्या: घर बांधू देणार नाहीत, गुरं चारू देणार नाहीत. हा अहवाल ग्रामसभांनी वाचावा, त्यावर मत द्यावं, अशी शिफारस खुद्द समितीनेच केली होती. ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्याआधी तो त्याच्या विरोधकांनी 'समजावून' सांगितला. पश्चिम घाटावर नंतर किती परिसंवाद झाले याची मोजदाद नाही. त्यांतले फार थोडे घाटात झाले.

याउलट गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). गोंडांचं छोटं गाव. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी रुजवलेली एक सोपी व्यवस्था आहे. गावाचा अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा कोणीही येऊ शकतो: वनाधिकारी, प्राध्यापक, विद्यार्थी. जंगल, बांबू, कायदा, मध काढायची पद्धत, काहीही विषय असो, तिथे बोलायचं, वाद घालायचा. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने. म्हणजे तज्ज्ञाला पूर्ण मान आणि शून्य मत! २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत. अभ्यासगटाने तयारी करून घेतलेली नसती तर कायद्याचा तो कागद वाचायला त्यांना वकील शोधावा लागला असता. चर्चासत्र या शब्दाचा अर्थ मला तिथे कळला असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही.

एक ताजं उदाहरण. शेतकरी कित्येक वर्षं एकच मागणी करत होता, 'दिवसा लाइट द्या'. रात्रीच्या पाळीने पाणी द्यायचं म्हणजे साप, बिबट्या, चिखल. दुसरीकडे अभ्यासक सांगत होते की सौर वीज दिवसाच तयार होते, ती साठवणं महाग, आणि शेतीच्या फीडरवर ती थेट सोडता येते. दोन्ही वाक्यं एकत्र ठेवली की धोरण तयार होतं. २०१७ मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली ती याच धाग्यावर. दोघांची गाठ आधी पडली असती तर कदाचित आधी झालं असतं, एवढंच.

तेव्हा माझी सूचना फार मोठी नाही. जिल्ह्यात एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी जाहीर झाली की तिथल्या महाविद्यालयाने तीन संध्याकाळी हॉल उघडा ठेवावा. रसायनशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र यांचे शिक्षक असतातच. सारांश नव्हे, मूळ अहवाल पडद्यावर लावून पानोपान मराठीत वाचावा. प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात भाषणं नकोत. शाल नको, श्रीफळ नको. निम्मा वेळ प्रश्नांना. ज्याचं उत्तर तिथे मिळालं नाही तो प्रश्न लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा आणि सुनावणीत द्यावा, म्हणजे प्रकल्पवाल्याला त्याचं उत्तर देणं भाग पडेल. विद्यापीठाला यासाठी गुण द्यायचे असतील तर जरूर द्यावेत. मला त्या तक्त्याचं वावडं नाही. खर्च चहाचा आणि माइकचा.

३० दिवसांत तीन संध्याकाळी सहज बसतात. पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात जनसुनावणीची जाहीर सूचना दिसली, की तिचं कात्रण काढून जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना नेऊन द्या आणि हॉल कधी मोकळा आहे ते विचारा.